बाबा मान हलवतात, पण ती ‘हो’ असते की ‘नाही’?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. इथे सात-आठ वर्षं वाचतोय, लिहिलं फार कमी. आज लिहितोय कारण घरात एक गोष्ट अडली आहे आणि ती कुणाशी तरी बोलल्याशिवाय सुटेल असं वाटत नाही.

माझे बाबा ७१ वर्षांचे. ३१ वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत आवाज पोचवणारा माणूस. फेब्रुवारीत एका पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर त्याला अफेझिया म्हणतात. आता साडेचार महिने झाले. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. शब्द मात्र एकच उरलाय, ‘आता’. चहा हवा असला तरी ‘आता’, टीव्ही बंद करायचा असला तरी ‘आता’, नातू शाळेतून आला तरी ‘आता’.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, शब्द गेले तर गेले, मान तर आहे. हो-नाही विचारत जाऊ. तिथेच आम्ही फसलो.

मागच्या महिन्यात आईने विचारलं, "अहो, मऊ भात देऊ का?" बाबांनी मान उभी हलवली. आईने भात, मेतकूट, तूप कालवून आणलं. पहिला घास तोंडाशी नेला तर त्यांनी डाव्या हाताने ताटली ढकलली. आई म्हणाली, "अहो, आत्ता तर हो म्हणालात." त्यांनी परत मान उभीच हलवली आणि डोळ्यांत पाणी आलं. ताटली खाली पडलेली, आई गुडघ्यांवर बसून भात गोळा करतेय, आणि बाबा तिच्याकडे बघत ‘आता, आता, आता’ म्हणतायत. शब्द तोच. पण तो मला अगदी स्पष्ट ‘तसं नाही गं’ असा ऐकू आला.

दुसरी गोष्ट जास्त लागली मनाला. बाबांना सांभाळायला येणाऱ्या बाई त्यांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायच्या. आम्ही रोज विचारायचो, "बाबा, कुठे दुखतंय का?" मान आडवी. म्हणजे नाही. आम्ही निश्चिंत. एक दिवस मी रजेवर घरी होतो. बाईंनी हात धरला आणि माझं लक्ष बाबांच्या पायाकडे गेलं. डाव्या पायाची बोटं चादरीत रुतलेली. मग चेहरा पाहिला. ओठ आत ओढलेले, कपाळावर आठ्या, आवाज काही नाही. डॉक्टरांकडे नेलं तर खांद्याचा सांधा सैल होऊन खाली उतरला होता. तीन आठवडे आम्ही त्यांच्या मानेवर विश्वास ठेवला आणि पायाच्या बोटांकडे बघितलं नाही.

तेव्हापासून मी माणसांकडे वेगळ्या नजरेने बघतोय. स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला एक बोट वर करतो, म्हणजे एक सीट बाकी आहे. जांभळी नाक्यावर भाजीवाली गिऱ्हाईकाच्या भावावर नुसती मान फिरवते आणि पिशवी झटकायला लागते. आपल्या भाषेने हे सगळं कधीच टिपून ठेवलंय की. नाक मुरडणं, डोळे वटारणं, काखा वर करणं, नजर चोरणं, जीभ चावणं, बोटं मोडणं, पाठ फिरवणं. आणि तरी मला माझ्या बाबांची मान वाचता येत नाही.

आणखी एक. हल्ली बाबा डाव्या हातात चमचा धरून स्टीलच्या पेल्यावर वाजवत बसतात. आईला वाटतं चिडलेत. मी दोनदा चमचा काढून घेतला.

कुणाच्या घरी असं माणूस असेल तर सांगा, तुम्ही हो-नाही कसं ओळखता? आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनीही लिहा. रोजच्या जगण्यात न बोलता बोललेलं तुम्हाला कुठे दिसतं? मला ते शिकायचंय.

रबाळेची_रोजची

भात गोळा करणाऱ्या काकूंपाशी थांबले होते. पाणी पिऊन पुढचं वाचलं.

आजारपणाचं मला काही माहीत नाही, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं लिहिते. सकाळच्या ठाणे-पनवेल गाडीचा लेडीज डबा. उभी असलेली बसलेलीकडे बघून हनुवटी जराशी वर करते. म्हणजे ‘कुठे उतरणार?’ बसलेली बोट पुढे उडवते, म्हणजे पुढचंच. किंवा तळहात लांबवर नेते, म्हणजे मला बरंच लांब जायचंय, दुसरीकडे बघ. एवढ्यावर सीटचा नंबर लागतो, आणि एकदा लागला की मध्ये चढलेली कुणी त्यावर हक्क सांगत नाही. पिशवी नुसती डोक्यावर धरली की कुणीतरी ती घेऊन रॅकवर ठेवतं आणि उतरायच्या आधी परत हातात येते. गर्दीत कुणाला पाय लागला तर त्या अंगाला बोटं टेकवून छातीला लावायची. कानात इअरफोन घातलेली कॉलेजची मुलगीही ते करते, फोनवरची नजर न काढता.

मागच्या वर्षी दिघा गाव सोडल्यावर मला फोन आला, माझी आजी गेली. मी उभीच होते. समोर रोजची एक बाई बसलेली, नाव आजही माहीत नाही. तिने काही विचारलं नाही. उठली, मला दंडाला धरून खिडकीच्या सीटवर सरकवलं आणि माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली, माझा चेहरा डब्याला दिसू नये म्हणून. रबाळे आल्यावर तिने खांद्यावर दोन बोटं ठेवली, ‘स्टेशन आलं’ एवढंच सांगायला. त्या दिवसात मला खूप जणांनी खूप काही म्हटलं. लक्षात ती पाठ राहिली आहे.

घणसोली_संदेश

कोपरीकर, बाबांना लवकर आराम पडो.

रबाळेताई, तुमच्या डब्यावरून आठवलं. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसं एकमेकांत किती अंतर ठेवतात यावर लिहिलं. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त जवळची माणसं, त्यापुढे सव्वा मीटरपर्यंत मित्रमंडळी, असे त्याने अमेरिकेतले टप्पे मांडले. आपल्या लोकलला गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. तिथे अंतर पायांनी ठेवताच येत नाही, म्हणून आपण ते डोळ्यांनी ठेवतो. कोणी पंख्याकडे बघतं, कोणी फोनकडे, सॅक पाठीवरची पोटावर येते. एखाद्याने त्या गर्दीत सरळ डोळ्यांत बघितलं की लगेच खटकतं.

आणि आमच्या ऑफिसात झालेल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की संवादात ५५ टक्के देहबोली, ३८ टक्के आवाज आणि फक्त ७ टक्के शब्द असतात. म्हणजे बाबांचे ७ टक्केच गेलेत, ९३ टक्के शिल्लक आहेत. धीर सोडू नका.

वाचा_उपचार

मी स्पीच थेरपिस्ट आहे, १६ वर्षं हेच काम करते. संदेश, तुम्ही धीर द्यायला लिहिलंत हे कळतंय, पण तो आकडा इथे सोडून देऊ या. तो अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून आलाय. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरात ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, काय वाटतं ते विचारलं. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी भावना ओळखायला माणूस कशावर भरवसा ठेवतो, एवढ्यापुरताच तो आकडा आहे. सगळ्या संवादाला तो लावू नका असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलंय. नाहीतर परभाषेतली बातमी आपल्याला ९३ टक्के समजली असती.

ज्या माणसाचे शब्द गेलेत त्याच्या घरात हा आकडा त्रास देतो, म्हणून एवढं लिहिलं. लोक मला विचारतात, ‘मॅडम, ९३ टक्के शाबूत आहे तर हे खुणेने नीट सांगत का नाहीत?’ कारण अफेझिया ही फक्त जिभेची अडचण नसते. भाषेचीच असते. ‘हो’ आणि ‘नाही’ हेसुद्धा शब्दच आहेत, मानेने म्हटले तरी. मनात ‘नाही’ पक्कं असतं आणि मान उभी हलते. कधी प्रश्नच अर्धा पोचलेला असतो. कोपरीकर, तुमचे बाबा खोटं बोलत नव्हते आणि तुम्ही निष्काळजी नव्हतात. पहिल्या महिन्यांत हो-नाहीचा असा घोटाळा खूप घरांत होतो.

तुमच्या बाबांच्या ‘आता’बद्दल सांगते. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला होता, तो फक्त ‘टान’ एवढंच म्हणू शकायचा. बहुधा दोनदा, ‘टान टान’. त्याचीही उजवी बाजू लुळी होती. तो आवाजाचे चढउतार आणि डाव्या हाताच्या खुणा यांवर आपलं म्हणणं सांगायचा. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा दिसली. त्या जागेला आजही ब्रोकाचं नाव आहे. तुम्ही ‘तसं नाही गं’ ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. स्वर बऱ्याचदा शाबूत राहतो.

आता कामाचं.

‘मऊ भात देऊ का?’ असं विचारू नका. भाताची ताटली आणि पोळीची ताटली, दोन्ही समोर धरा आणि थांबा. नजर कुठे जाते, हात कुठे जातो ते बघा. मनात दहापर्यंत मोजा. घाई करणारे आपण असतो. एका वेळी एकच प्रश्न. टीव्ही बंद. मिळालेलं उत्तर दुसऱ्या तऱ्हेने पुन्हा तपासा. दुखतंय का हे तोंडाने विचारून सोडू नका, अंग हलवताना चेहरा बघा. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, हे तुमच्या बाईंना हाताने करून दाखवा.

एक करून बघाल का? ‘बाबा, हसून दाखवा’ म्हणा. मग काही न सांगता नातवाला समोर आणा. फरक दिसला तर कळवा.

कळव्याची_बाई

मी शाळेत शिकवते. देहबोलीच्या पुस्तकांतली एक गोष्ट मला नेहमी खुपते, ‘नजरेला नजर देत नाही तो काहीतरी लपवतो’. माझ्या वर्गात गावाकडून नुकती आलेली मुलं असतात. मोठं माणूस बोलत असताना खाली बघायचं, हे त्यांना घरी शिकवलेलं असतं. तो मान राखण्याचा भाग आहे. पुढे हीच मुलं मुलाखतीला गेली की त्यांना ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा मिळतो. एका माजी विद्यार्थ्याला मिळालेला मी वाचलाय. वाईट वाटलं. अतिशय हुशार मुलगा होता तो.

आणि एक मुलगा आहे माझ्या वर्गात, स्वमग्न. त्याला पहिली दोन वर्षं सगळे म्हणायचे, ‘माझ्याकडे बघ, मग सांगते’. मीही म्हणायचे. एकदा तो खिडकीबाहेर बघत असताना मी गणित समजावलं, सहज, फळा पुसता पुसता. त्याने उत्तर सांगितलं. चेहऱ्याकडे बघणं हेच त्याला इतकं जड जायचं की मग ऐकायला काही उरत नसे. आता मी त्याच्या शेजारी बसते, दोघं वहीकडे बघतो.

म्हणून कोपरीकर, कुठल्या खुणेचा अर्थ काय याचं तयार कोष्टक कुणी दिलं तर घेऊ नका.

नीलांबरी_एन

एक दुरुस्ती, प्रेमाने. या विषयावर बोलताना लोक सांकेतिक भाषा ‘हावभावांच्या’ खात्यात टाकतात. माझा धाकटा भाऊ जन्मतः कर्णबधिर आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला व्याकरण आहे. भुवया वर जाणं, मान पुढे येणं हे तिथे नुसते भाव दाखवत नाही. वाक्य प्रश्न आहे की विधान, ते त्यातून ठरतं. २०१५ मध्ये दिल्लीत तिच्यासाठी केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली आणि तिच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले.

घरात आम्ही लहानपणी ही भाषा शिकलोच नाही. घरगुती खुणांवर चाललं. जेव, झोप, ये, जा. मला वाटायचं, आमचं किती छान जमतं! तो १९ वर्षांचा असताना वाशीला त्याच्या मित्रांबरोबर त्याला पाहिलं. हात थांबत नव्हते. तो वाद घालत होता, गोष्टी सांगत होता, कुणाची तरी नक्कल करत होता. माझा भाऊ गप्पिष्ट आहे हे मला त्या दिवशी कळलं. जेव-झोप-ये-जा एवढ्यातच आम्ही त्याला १९ वर्षं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला लागले.

बाबांसाठी खुणा शोधताना फक्त ‘हवं-नको’च्या शोधू नका एवढंच सांगायचंय. त्यांना गप्पा मारायच्या असतील.

पाचपाखाडी

आमच्याकडे उलटं झालं आहे. माझ्या आईला मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. डावा हात गेला, बोलणं अगदी स्वच्छ राहिलं. सगळे म्हणाले, नशीब. पण तिचा आवाज सपाट झालाय. ‘ये गं’ आणि ‘जा गं’ एकाच सुरात. आणि आमचा सूरही तिला कळत नाही. मी रडवेल्या आवाजात ‘काही नाही गं, ठीक आहे’ म्हटलं तर ती म्हणते, "बरं झालं." आधी माझ्या जिन्यावरच्या पावलांवरून तिला कळायचं माझा दिवस कसा गेला ते. आता मला शब्दांत सांगावं लागतं, ‘आई, मला आज वाईट वाटतंय.’ मग ती जवळ घेते. सांगितल्यावर घेते. ते स्वीकारायला मला एक वर्ष लागलं.

वाचा_उपचार

@पाचपाखाडी, तुम्ही करताय तेच योग्य आहे. आवाजातला आणि चेहऱ्यावरचा भाव वाचण्याचं बरंच काम उजव्या मेंदूकडे असतं. आईची माया कमी झालेली नाही, ती पोचण्याची वाट तुटली आहे. शब्दांत सांगत राहा.

आंबेवाला_वाशी

आमच्या घरचा धंदा आंब्याचा. घाऊक बाजारात रुमालाखालचा सौदा मी लहानपणापासून पाहिलाय. घेणारा आणि देणारा हात मिळवतात, वर रुमाल टाकतात, आत बोटं धरून आकडा सांगतात. वरून दोघांचे चेहरे कोरे. एक बोट सोडलं, दोन धरली, की भाव बदलला. बाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कळत नाही. मला ही पद्धत आवडत नाही, कारण ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्यालाही कळत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची वाटते. ती खूण आपोआप उमटलेली नसते, दोघांनी आधी ठरवलेली असते. ठरवलेल्या खुणेला चेहऱ्याची गरज पडत नाही. तुमच्या बाबांबरोबर अशी एखादी ठरवून घेता येईल का?

जुना_प्रवासी

सगळे प्रतिसाद वाचले. एक शंका आहे, चुकीची असली तर सोडून द्या.

कोपरीकर, बाबा ३१ वर्षं कंडक्टर होते म्हणालात. चमचा पेल्यावर कसा वाजवतात? म्हणजे किती वेळा? कंडक्टरची घंटा एकदा वाजली की गाडी थांबव, दोनदा वाजली की चल. मी ३० वर्षं बसने फिरलोय, अजून कानात आहे. टण, थांब. टणटण, चल. बघा जरा मोजून.

रबाळेची_रोजची

अंगावर काटा आला हे वाचून. कोपरीकर, कळवा नक्की.

कोपरीकर

चार दिवस काही लिहिलं नाही, कारण मोजत होतो.

आधी वाचा_उपचार ताईंचं. "बाबा, हसून दाखवा" म्हटलं तर तोंड डावीकडे ओढलं गेलं, उजवी बाजू लोंबलेलीच. मग मुलाला आत पाठवलं. तो दप्तर टाकून "आजोबा!" करत आला आणि बाबा हसले. दोन्ही बाजूंनी. उजव्या गालाला खळी पडली, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या. आईने माझा हात घट्ट धरला. साडेचार महिन्यांत ते हसू रोज येत असणार. आम्ही त्या वेळी चेहऱ्याकडे बघत नव्हतो, औषधांच्या डब्याकडे बघत होतो.

आता चमचा. जुना_प्रवासी काका, तुमचा प्रतिसाद रात्री साडेअकराला वाचला आणि मला झोप लागली नाही. सकाळी चमचा आणि पेला परत त्यांच्या हाताशी ठेवला. अंघोळीच्या वेळी बरोबर नेला. मी अंगावर पाणी घालत होतो. चौथ्या तांब्याला एकदा वाजलं. टण. मी थांबलो. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, असं की मी किती दिवसांनी त्यांचं ऐकलं. मी विचारलं नाही काही, नुसता थांबलो. थोड्या वेळाने टणटण. मी पुढचा तांब्या घातला.

मी ओल्या लादीवरच खाली बसलो. मला उठवत नव्हतं.

मग चार दिवस वहीत लिहून काढलं. भरवताना, केस विंचरताना, व्यायाम करून घेताना, पाठ चोळताना. एकदा वाजलं की पुरे, दोनदा वाजलं की चालू ठेव. ३८ वेळा नोंदलं, त्यात ३३ वेळा नक्की तेच होतं. आईने भात भरवताना टण झालं आणि ती थांबली तर बाबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. उभी की आडवी ते आम्ही बघितलंच नाही.

दोनदा मी चमचा काढून घेतला होता. ते मी बाबांना सांगितलं, हात धरून. त्यांनी ‘आता’ म्हटलं आणि माझ्या मनगटावर दोन बोटांनी दोनदा टकटक केलं.

वाचा_उपचार

कोपरीकर, माझे डोळे भरून आले. पण तुमच्या भल्यासाठी दोन गोष्टी सांगते. याला लगेच ‘हो-नाही’ समजू नका. हात हजारो वेळा केलेली क्रिया करतोय, समोर काम चालू असताना. ‘औषध घेतलंत का?’, ‘काल दुखत होतं का?’ अशा प्रश्नांना तीच टकटक बरोबर येईल याची खात्री नाही. आणि सगळ्याच रुग्णांत असं काही सापडत नाही, म्हणून इतर वाचकांनी आपल्या माणसावर याची सक्ती करू नये. तुमच्या थेरपिस्टना ती वही जरूर दाखवा. याच्यावर पुढे बांधता येईल.

गाणं, आरती म्हणून बघितलंत का? बोलता न येणारी काही माणसं चालीवर शब्द म्हणू शकतात. १९७३ पासून त्यावर आधारलेली उपचारपद्धतही आहे.

कोपरीकर

ताई, बरोबर आहे तुमचं. ‘औषध घेतलंत का’ विचारून पाहिलं, एकदा टण आलं, एकदा टणटण. तिथे चालत नाही. तिथे आम्ही गोळीचं रिकामं पाकीट दाखवतो आणि ते बोट ठेवतात.

संकष्टीला आरती लावली. टाळी वाजवता येत नाही म्हणून डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला. शब्द आले नाहीत सगळे, पण ओळीच्या शेवटचे दोन-तीन अगदी स्पष्ट आले. आई मध्येच थांबली, मग परत सुरू झाली, आवाज कापत होता.

नीलांबरी, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. आम्ही आता एक वही केली आहे. चहा, पाणी, संडास, पंखा ही पानं सगळेच करतात. तुमच्यामुळे दुसरी केली. बाबांच्या जुन्या रूटच्या थांब्यांचे फोटो मी रविवारी स्कूटरवर फिरून काढले, पानाला एक. स्टेशन, तलावपाळी, गडकरी रंगायतन, पुढे सगळे. बाबा पान उलटतात, बोट ठेवतात आणि ‘आता’ म्हणतात. प्रत्येक थांब्याचा ‘आता’ वेगळा आहे. एका फोटोवर ते खूप हसले आणि हाताने उंची दाखवली, लहान मूल असावं तेवढी. आम्हाला अजून कळलं नाही तिथे काय घडलं होतं. आई रोज दुपारी ते पान उघडते आणि एकेक अंदाज सांगते. "शाळेची मुलं चढायची का? कुणी हरवलं होतं का?"

ते चमचा उचलतात आणि टणटण करतात.